मूर्ती वाटेत फुटली: आधी पैसे परत द्यायचे की आधी व्हिडिओ मागायचा?

शाडूवाली_पेण
पेणजवळ आमचा शाडूच्या मूर्तींचा कारखाना आहे. तीन वर्षं झाली, ऑनलाइन ऑर्डरी घेते. गेल्या खेपेला, म्हणजे २०२५ मध्ये, चतुर्थी २७ ऑगस्टला होती. २२ तारखेला इंदूरच्या एका बाईंचा फोटो आला. नऊ इंची मूर्ती, सोंड मधोमध तुटलेली, परशू गायब, खोक्याचा एक कोपरा आत चेपलेला. खाली एवढंच लिहिलेलं, "ताई, आता मी काय करू?"

पैसे हवेत की दुसरी मूर्ती, ते विचारलं. दुसरी हवी म्हणाल्या. त्याच रात्री इंदूरच्या खासगी बसने, ड्रायव्हरच्या हाती सोपवून पाठवली. कुरिअरकडे क्लेम टाकला, तो "पॅकिंग अपुरे" असा शेरा मारून फेटाळला.

आता जाऊबाई म्हणतात, यंदा सरळ लिहू या, "खोका उघडतानाचा सलग व्हिडिओ नसेल तर तक्रार घेतली जाणार नाही." मला हे पटत नाही. कुरिअर मी निवडला, खोका मी बांधला. गिऱ्हाइकाने फक्त दार उघडलं. पैसे आधी द्यावेत, कुरिअरशी काय भांडायचं ते आपण भांडावं. तुम्ही काय करता?

समई_आणि_घंटा
ताई, जाऊबाईंचं ऐका.
मी पितळी समया विकतो. एकाने वाकलेल्या समईचा फोटो पाठवून पूर्ण पैसे मागितले. आमच्या प्रत्येक समईच्या बुडाला ओळखीचा एक ठोका (ठोकून उमटवलेली खूण) असतो. त्याच्या फोटोत बूड दिसतच नव्हतं. बुडाचा फोटो मागितल्यावर गडी जो गप्प झाला तो झालाच. तुमच्यासारखा फोटो बघून लगेच पैसे दिले असते तर? व्हिडिओला पैसा लागत नाही. भीड भिकेची बहीण, हे धंद्यात तरी विसरू नये.

बरणीतलं_लोणचं
मी निव्वळ गिऱ्हाईक. आईने चिनी मातीची बरणी मागवली होती. ती एका हाताने खोका धरते, दुसऱ्या हाताने कात्री. व्हिडिओसाठी तिसरा हात कुठून आणणार? बरणीला तडा होता. दुकानदार म्हणाला, व्हिडिओ नाही तर काही नाही. बरणीचं दुःख नव्हतं, सत्तरीच्या बाईला खोटं ठरवलं त्याचं होतं. त्या दुकानातून पुन्हा काही घेतलं नाही.

समई_आणि_घंटा
@बरणीतलं_लोणचं, आईंबद्दल वाईट वाटलं. पण दुकानदाराला आई आणि लबाड यांतला फरक फोटोत कसा दिसणार?

कलम_आणि_पोटकलम
दोघांनाही थोडं कायद्याचं. १९३०चा मालविक्री कायदा (कलम ३९) म्हणतो की, करारानुसार माल वाहतूकदाराच्या ताब्यात दिला की तो सकृद्दर्शनी गिऱ्हाइकाला पोचला असं धरावं. बरेच विक्रेते याच्यावर विसंबून असतात. पण ग्राहक संरक्षण (ई-कॉमर्स) नियम २०२० मधला नियम ६ बघा: सदोष किंवा जाहिरातीत दाखवला तसा नसलेला माल परत घ्यायला वा त्याचे पैसे द्यायला विक्रेत्याला नकार देता येत नाही. सोंड नसलेली मूर्ती सदोष नाही, असं ग्राहक आयोगापुढे म्हणून बघा एकदा.

समई_आणि_घंटा
ते मोठ्या कंपन्यांसाठी. आम्ही घरगुती.

कलम_आणि_पोटकलम
घरातली जुनी सायकल एकदा विकली तर ते घरगुती. दर महिन्याला समया पाठवता तो धंदाच. पुरावा मागायला माझी हरकत नाही, पण "व्हिडिओ नाही म्हणून पैसे नाहीत" ही अट टिकेल असं धरून चालू नका.

खोके_सुतळी
पॅकिंगवर कोणीच बोलत नाहीये, आणि खरं दुखणं तिथेच आहे.

कुरिअरवाला नुसत्या काट्यावर जात नाही, फूटपट्टीही लावतो. लांबी गुणिले रुंदी गुणिले उंची, सगळं सेंटिमीटरमध्ये, भागिले ५०००. हे वजन आणि काट्यावरचं वजन, यांत जे जास्त त्याचे पैसे. ३० × ३० × ३५ चा खोका म्हणजे ६.३ किलो. तोच दुसऱ्या खोक्यात घालून ४० × ४० × ४५ केला की १४.४ किलो. मूर्ती आत चारच किलोची! म्हणून लोक दुहेरी खोका टाळतात आणि देवावर हवाला ठेवतात. (इथे तर देवच खोक्यात.)

शाडू कच्ची माती, भाजलेली नसते. सोंड आणि हात, दोन्ही अधांतरी. नुसता पेंढा भरला तर पावसाळी हवेत तो दमट होतो, दबतो, मूर्तीभोवती जागा सुटते आणि मूर्ती आत डुलायला लागते. सोंडेखाली, हाताखाली कागदाचे घट्ट बोळे द्या. खोका बंद करून हलवा, कान लावा. आत काही सरकल्याचा आवाज आला तर पुन्हा उघडा. ताई, रागावू नका, पण "पॅकिंग अपुरे" हा शेरा दर वेळी खोटाच असतो असं नाही.

शाडूवाली_पेण
रागावत नाही. इंदूरच्या खोक्यात पेंढाच होता.

समई_आणि_घंटा
आणि वाहतूकवाला देऊन देऊन देतो किती? स्पीड पोस्टाची भरपाई म्हणजे दिलेल्या शुल्काच्या दुप्पट किंवा १,००० रुपये, यांतलं जे कमी ते. म्हणजे सगळा फटका आपल्यालाच. म्हणून म्हणतो, दार थोडं लोटून ठेवा.

शाडूवाली_पेण
काल हिशेब मांडला. गेल्या वर्षी १४० मूर्ती गेल्या, ६ फुटल्या. २,१०० च्या भावाने १२,६०० रुपये. १४० वर वाटले तर मूर्तीमागे ९० रुपये. तेवढे किमतीत धरले की कोणावर संशय घ्यायची वेळच येत नाही. सहाही तक्रारी खऱ्या होत्या का? पाचांची खात्री आहे. सहावीचं देव जाणे.

समई_आणि_घंटा
म्हणजे त्या सहाव्याचे पैसे उरलेल्या १३९ प्रामाणिक गिऱ्हाइकांनी भरायचे?

शाडूवाली_पेण
हो. मूर्तीमागे १५ रुपये. त्या पंधरासाठी इंदूरच्या बाईंना चतुर्थीच्या पाच दिवस आधी "व्हिडिओ दाखवा" म्हणायला माझी जीभ रेटत नाही.

बरणीतलं_लोणचं
एक शंका. तुटलेली मूर्ती परत मागवता का? आमच्याकडे खंडित मूर्ती कुरिअरच्या पोऱ्याच्या हाती द्यायला आजी कधीच तयार झाली नसती.

खोके_सुतळी
प्राणप्रतिष्ठा होईपर्यंत ती मातीच हो. पण आजीला हे सांगायला मी जाणार नाही.

शाडूवाली_पेण
नाही मागवत. बादलीत विरघळवा आणि माती तुळशीत घाला, असं सांगते. परत येऊन मी तिचं काय करणार, आणि तिकडून येण्याचं भाडं पुन्हा माझ्याच माथी.
यंदा हे ठरलंय: पाटाखाली ओल्या मातीतच नंबर कोरायचा, बांधण्याआधी आपण फोटो काढायचा. तक्रार आली तर नंबरचा आणि खोक्याचा फोटो मागायचा, फुटल्यानंतरचा चालेल. व्हिडिओ नाही. जाऊबाई अजून फुगून बसल्यात.

समई_आणि_घंटा
नंबराचं बरं आहे, माझ्या ठोक्यासारखंच. पण मी व्हिडिओची ओळ काढणार नाही. जाऊबाईंना माझा नमस्कार सांगा.