कॉन्टेसाची मूळ क्लच प्लेट: लायनिंग मारून घेऊ की अख्खा सेट बदलू?

नौपाडा_कॉन्टेसा

नमस्कार मंडळी. गाडी १९९२ ची कॉन्टेसा क्लासिक, १.८ पेट्रोल, म्हणजे इसुझू इंजिनवाली. बाबांनी घेतलेली. आता ते चालवत नाहीत, पण दर रविवारी खाली उतरून टपावरची धूळ बोटाने बघतात आणि काही न बोलता वर जातात.

दुखणं असं: पहिल्या गिअरमध्ये उचलताना गाडी थरथरते, आणि सोसायटीच्या रॅम्पवरून रिव्हर्स घेताना तर अख्खी डॅशबोर्ड खडखडते. एकदा वेग घेतला की लोण्यासारखी. स्लिप मारत नाही. हँडब्रेक ओढून, तिसरा टाकून क्लच सोडून बघितला, इंजिन जागेवर बंद पडलं. पण मागच्या महिन्यात घोडबंदरला गायमुखच्या चढावर ट्रेलरच्या मागे पाऊण तास अर्ध्या क्लचवर काढला आणि तेव्हापासून थरथर दुप्पट झाली. जळका वास दोन दिवस गेला नाही.

कोलशेतला मिस्त्रींनी गिअरबॉक्स उतरवलाय. प्लेट कंपनीची, पहिलीच. एका बाजूचं लायनिंग, म्हणजे प्लेटवरचा घासणारा थर, काळं आणि आरशासारखं चकचकीत. मिस्त्री म्हणतात, "फेका ही. कुर्ल्याहून दुसऱ्या गाडीचा सेट आणतो, बसवून देतो." हे "बसवून देतो" ऐकलं की माझ्या पोटात गोळा येतो. मागे वायपरची मोटर अशीच बसवून दिली होती, ती फक्त उन्हात चालते.

मूळ प्लेट आणि प्रेशर (प्लेटला दाबून धरणारा भाग) वाचवता येईल का? की हा माझा हट्ट आहे?

तुर्भेकर

हट्टच आहे. क्लच दिसतो कुणाला? बंपर, ग्रिल, चाकाच्या टोप्या मूळच्या ठेवा, लोक त्यांचेच फोटो काढतात. आत काहीही असो. आणि लोक कॉन्टेसाला देशी मसल कार म्हणतात, म्हणून फार लाडावू नका. माझ्या मामाकडे १.५ वाली होती, ॲम्बेसेडरचंच इंजिन. देह पैलवानाचा आणि छातीत सायकलचा पंप. तिचा क्लच जळायला गायमुख कशाला, माजिवड्याचा पूल पुरायचा. तुमची इसुझू आहे, नशीबवान आहात.

लायनिंगकाका

तुर्भेकर, मामांच्या गाडीबद्दल बोललात ते शंभर टक्के खरं. क्लचबद्दल मात्र नाही.

नौपाडावाले, मी वागळे इस्टेटला एका शेडमध्ये एकतीस वर्षं हेच केलं. क्लच प्लेट आणि ब्रेक शूला लायनिंग मारणं. टॅक्सी, टेम्पो, ट्रक, सगळं. तेव्हा प्लेट फेकायची असते हे कुणाला माहीतच नव्हतं. लायनिंग झिजतं, प्लेट नाही.

आधी एक सांगतो, बाकीचं नंतर. बेल हाऊसिंगमधली, म्हणजे क्लचवरच्या घंटेसारख्या घरातली, धूळ हवा मारून उडवू नका. त्या काळच्या लायनिंगमध्ये ॲस्बेस्टॉस असायचं. ओल्या फडक्याने पुसा आणि फडकं पिशवीत बांधून टाका. आम्ही ती धूळ वर्षानुवर्षं फुंकरीने उडवली. माझ्याबरोबरचे दोघे आज दोन जिने चढू शकत नाहीत.

आता प्लेट हातात घ्या. लायनिंगकडे बघूच नका, ते जाणारच आहे. मधला हब बघा. त्याच्याभोवती जाड स्प्रिंगा आहेत, त्या बोटाने हलवा. घरात सैल खुळखुळत असतील किंवा एखादी तुटली असेल तर प्लेट गेली, रडायचं नाही. मग ती गिअरबॉक्सच्या शाफ्टवर चढवा आणि गोल फिरवून बघा. दात खाल्लेले असतील तर किंचित पुढेमागे खेळते. शाफ्टवर सरकताना कुठे अडकते का तेही बघा.

नंतर दोन लायनिंगच्या मधल्या फटीत डोकवा. तिथे पातळ, लाटेसारख्या वाकवलेल्या पत्त्या दिसतील. सगळी मजा त्या पत्त्यांत आहे. क्लच सोडताना त्या हळूहळू दबतात, म्हणून गाडी अलगद उचलते. जास्त तापून त्या सपाट झाल्या की नवं लायनिंग मारा नाहीतर सोन्याचा पत्रा मारा, गाडी थरथरणारच. रिबीट (रिव्हेट) मारणारा चांगला असेल तर एक रिबीट या बाजूचं, पुढचं त्या बाजूचं, असं मारतो. दोन्ही लायनिंगं एकाच रिबीटात आवळून टाकली की पत्त्यांना दबायला जागाच राहत नाही. स्वस्तातला कारागीर हमखास हेच करतो. मारून झाल्यावर प्रत्येक रिबीटाचं डोकं लायनिंगच्या खाली बुडालेलं हवं. नखाला लागलं तर परत करा.

पण मला तुमच्या प्लेटवर संशयच कमी आहे. एकच बाजू चकचकीत काळी म्हणताय. कुठली? फ्लायव्हीलकडची, म्हणजे इंजिनच्या जड चाकाकडची असेल तर इंजिनचं मागचं ऑइल सील बघा. फ्लायव्हीलच्या पाठीमागे ओलं आहे, की पेडल दाबल्यावर क्लच सोडवणारं रिलीज बेअरिंग ज्या नळीवर सरकतं तिथे ओलं आहे? पाठीमागे असेल तर इंजिनचं तेल, नळीवर असेल तर गिअरबॉक्सचं. आणि इंजिनखालच्या रबरी मॉउंटिंगांना पहार लावून बघा. निम्म्या "क्लच थरथरतो" गाड्यांत क्लच बिचारा निर्दोष असायचा.

नौपाडा_कॉन्टेसा

काका, काल संध्याकाळी बॅटरी घेऊन गाडीखाली झोपलो. स्प्रिंगा घट्ट. शाफ्टवर प्लेट जवळजवळ खेळत नाही. पत्त्या लाटेसारख्याच आहेत, मोबाइलचा उजेड पलीकडून दिसतो. चकचकीत बाजू फ्लायव्हीलकडचीच, आणि फ्लायव्हीलमागे बोट घातलं तर बोट काळं आणि ओलं. नळी कोरडी.

डावं मॉउंटिंग पहारीने उचललं तर रबर आणि पत्रा वेगळे झाले. मधून पलीकडची भिंत दिसली.

पारसिक_हिल

यात एक भर. बेलापूरला ज्यांच्याकडे मी काम करायचो त्यांच्याकडे १९६७ ची मस्टँग होती, खरीखुरी अमेरिकन मसल. तिच्या प्रेशर प्लेटला डायफ्राम, म्हणजे पाकळ्यांची गोल स्प्रिंग, नाही, तीन बोटं आणि आत कॉइल स्प्रिंगा. त्या काळच्या फोर्डमध्ये हीच पद्धत. आमच्या माणसाने उघडून चकाचक रंगवून परत बांधली, पण तिन्ही बोटांची उंची सारखी लावली नाही. गाडी अशी थरथरायची की शेठचा चष्मा नाकावरून खाली यायचा. शेवटी लेथवर डायल लावून बोटं जुळवली तेव्हा शांत झाली. तुमची डायफ्रामवाली असेल तर पाकळ्यांची टोकं एका पातळीत आहेत का बघा, बेअरिंगने त्यात खोल चर पाडली आहे का तेही.

लायनिंगकाका

बरोबर. बोटांची उंची हा प्रकार आता सांगूनही कुणाला कळत नाही.

नौपाडावाले, मग सोपं झालं. आधी सील, मग मॉउंटिंग, मग लायनिंग. उलट्या क्रमाने केलंत तर सहा महिन्यांत परत माझ्याकडे याल आणि मी रिटायर झालोय. तेल प्यायलेलं लायनिंग पेट्रोलने धुऊन वाचत नाही, गरम झालं की तेल पुन्हा वर येतं. फ्लायव्हीलवर निळे डाग असतील तर लेथवर हलका कट घ्या. मात्र प्रेशर जिथे बोल्टने बसतं तो भाग पायरीने वेगळा असेल तर तिथूनही तेवढाच कट, नाहीतर दाब बदलतो.

प्रेशर काढण्याआधी त्यावर आणि फ्लायव्हीलवर पंचाने एकेक खूण केली होती का? नसेल तर मिस्त्रींना माझ्यातर्फे नमस्कार सांगा. बसवताना बोल्ट समोरासमोरचे, थोडेथोडे आवळत. आणि रिलीज बेअरिंग रॉकेलमध्ये बुडवू देऊ नका. आतलं ग्रीस धुतलं जातं आणि महिन्याभरात रातकिडा बोलायला लागतो.

नौपाडा_कॉन्टेसा

काका, बेअरिंग आधीच रॉकेलच्या डब्यात होतं. नवं घेतलं.

नौपाडा_कॉन्टेसा

सतरा दिवसांनी कळवतोय, उशिराबद्दल माफी. मागचं सील नवं, दोन्ही मॉउंटिंगं नवी. ती मिळवायला ऑपेरा हाऊसला तीन दुकानं फिरलो. प्लेटला वागळेतच लायनिंग मारलं, बाराशे रुपये. रिबीट आलटूनपालटून मारा म्हटल्यावर तिथल्या म्हाताऱ्या कारागिराने चष्म्यावरून बघितलं आणि विचारलं, "कुणी शिकवलं?" तुमचं नाव मला माहीत नाही, म्हणून सांगता आलं नाही. प्रेशर मूळचंच ठेवलं, पाकळ्या एका पातळीत होत्या. तुर्भेकर, तुमचं खरं आहे, आतलं कुणालाच दिसत नाही.

काल बाबांना शेजारी बसवून रॅम्पवरून रिव्हर्स काढली. डॅशबोर्डवरची गणपतीची मूर्ती जागची हलली नाही. नितीन कंपनीच्या चौकापर्यंत जाऊन आलो. बाबा पूर्ण वेळ गप्प. घरी उतरताना म्हणाले, "सेकंड टाकायची अजून घाई करतोस."