व्यक्तिचित्र, मुखचित्र की नुसतं 'हेड'?

शाईचा डाग
एका दिवाळी अंकासाठी लादिस्लाव मेदन्यान्स्की (१८५२-१९१९) या स्लोव्हाक चित्रकारावर लेख लिहिते आहे. घराणं जहागीरदारांचं, हा स्वतः बॅरन. नाव झालं निसर्गचित्रांसाठी, पण माणसं रंगवली ती बहुतेक रस्त्यावरची: दारुडे, बेघर, भटकणारे. त्यातल्या एका म्हाताऱ्याच्या चेहऱ्याला मी 'वास्तववादी व्यक्तिचित्र' म्हटलं. संपादकांनी ते खोडून 'वास्तवदर्शी मुखचित्र' केलं! त्यांच्या मते व्यक्तिचित्र म्हणजे कुणावर तरी लिहिलेला लेख. मला तर मुखचित्र म्हटलं की अंकाच्या तोंडावरचं चित्र आठवतं. शिवाय चित्राचं नाव 'तुलाक' आहे, त्याला मराठीत काय म्हणावं?

बोरू
मुखचित्र साफ चूक. पण संपादकांची अडचण खोटी नाही, व्यक्तिचित्र हा शब्द लेखक मंडळींनी केव्हाच पळवलाय. आमच्या आजोळी पणजोबांचं मोठं तैलचित्र होतं, घरात सगळे त्याला तसबीर म्हणायचे. चांगला रुळलेला शब्द सोडून नवे कशाला पाडायचे?

तिरपागडा
तसबिरीला काच लागते, चौकट लागते, खिळा लागतो आणि दसऱ्याला हार लागतो. अनोळखी भणंगाची तसबीर कोण लावणार?

बोरू
हे नंतरचं. मुळात अरबी 'तस्वीर' म्हणजे कुठलंही चित्र.

तिरपागडा
मुळात काय होतं यावर भाषा चालली असती तर आपण सगळे आज महाराष्ट्री प्राकृतात भांडत असतो.

चारकोल
आर्ट स्कूलमध्ये आम्ही सरळ 'हेड' म्हणायचो. मॉडेल बसवलेलं असायचं, 'आज हेड आहे' एवढंच. पोर्ट्रेट वेगळं. त्याला गिऱ्हाईक असतं.
फरक बघायचा तर मेदन्यान्स्कीच्या आधीच्या पिढीतला पेटर मिखाल बोहून्य (१८२२-७९) बघा. प्रागच्या अकादमीत शिकलेला, १८४८-४९च्या हंगेरियन सत्तेविरुद्धच्या उठावात स्लोव्हाक स्वयंसेवकांबरोबर गेलेला, आणि पोटासाठी स्लोव्हाकियातल्या लिप्तोव भागातल्या खात्यापित्या मंडळींची, त्यांच्या बायकांची चित्रं करणारा. लेसची वीण, रेशमाची चमक, गळ्यातलं, कानातलं, सगळं मन लावून. चित्र काढून घेणारा समोर उभा राहून 'मी असाच दिसतो का' हे ताडून बघणार, याची त्याला पक्की जाणीव आहे. ते खरं व्यक्तिचित्र. मेदन्यान्स्कीच्या म्हाताऱ्याला कोण विचारणार तू असाच दिसतोस का म्हणून? 'ह्लावा', म्हणजे डोकं, अशाच नावांनी त्याची कितीतरी चित्रं नोंदलेली आहेत.

शाईचा डाग
म्हणजे पैसे मोजणारी ती व्यक्ती आणि बिननावाचा तो हेड? याच चित्रकाराच्या बाबतीत हे मला फार खटकतं. हा माणूस स्वतः जुनेर कपड्यांत असल्या लोकांत वावरायचा, हातातले पैसे वाटून टाकायचा. बौद्ध विचारांकडे ओढा होता. डायऱ्या लिहायचा त्या हंगेरियन भाषेत, पण ग्रीक अक्षरांत.

बोरू
ग्रीक अक्षरांत! आमचे एक काका हिशेबाच्या वहीत खाजगी मजकूर मोडीत लिहायचे. काकूंनी पुढे मोडी शिकून घेतली.

तिरपागडा
आणि मग?

बोरू
मग काकांनी लिहिणं सोडलं.

वऱ्हाडी ठेचा
विषयावर या राजेहो. वास्तववादी आणि वास्तवदर्शी एक नाही. वास्तववाद ही भूमिका आहे: काय रंगवायचं, कुणाला रंगवायचं. फ्रेंच चित्रकार कूर्बेनं १८५५ साली पॅरिसात स्वतःचा वेगळा मांडव टाकून त्यावर 'वास्तववाद' अशी पाटी लावली, ती त्या अर्थानं. वास्तवदर्शी म्हणजे डोळ्याला दिसलं तसं उतरवणं, आपलं हुबेहूब. बोहून्यची लेस वास्तवदर्शी. मेदन्यान्स्कीत अंधारातून अर्धा चेहरा वर येतो, कपडे नुसते चार फटकाऱ्यांत. हुबेहूबपणा शोधायला गेलात तर हाती लागणार नाही. पण माणूस निवडला तिथंच तो वास्तववादी झाला. तुमचा शब्द बरोबर, संपादकांचा चूक.

चारकोल
या विभागणीशी सहमत. फक्त 'यथार्थवादी' कुणी आणू नका, तो हिंदीतून येऊन बसलाय.

बोरू
संस्कृत शब्द हिंदीतून आला म्हणून बाहेर, आणि 'हेड' आत?

चारकोल
हेड आम्ही वापरलाय. यथार्थवादी फक्त परीक्षेत लिहिलाय.

नाममात्र
'तुलाक'बद्दल कुणी बोललंच नाही. स्लोव्हाकमध्ये 'तूलात् सा' म्हणजे भटकणं, त्यावरून हा शब्द. पण मराठीत 'भटक्या' लिहिलंत की वाचकाला भटके-विमुक्त आठवणार, म्हणजे एक अख्खा समाज आणि त्याच्या मागण्या. हा म्हातारा तसा नाही, तो एकटा पडलेला आहे. 'भणंग'मध्ये दारिद्र्य येतं, चालणं येत नाही. मला 'फिरस्ता' बरा वाटतो.

तिरपागडा
फिरस्ता म्हणजे फिर + रस्ता.

नाममात्र
कृपया.

शाईचा डाग
फिरस्त्यात थोडी मौज आहे हो. फिरस्ता हौसेनं फिरतो. याच्या चेहऱ्यावर हौस अजिबात नाही.

वऱ्हाडी ठेचा
तो मुळात स्लोव्हाक होता का, हे आधी ठरवा. हंगेरीवाले त्याला लास्लो म्हणतात आणि आपलाच मानतात.

शाईचा डाग
जन्म बेत्स्कोवचा, घरचा वाडा स्त्राश्कीला. दोन्ही गावं आज स्लोव्हाकियात, आणि त्या वाड्यात आता स्लोव्हाक राष्ट्रीय कलादालनातर्फे त्याचीच चित्रं लावलेली आहेत. जन्मला तेव्हा तो मुलूख हंगेरीच्या राज्यात होता. चेकोस्लोव्हाकिया झाला ऑक्टोबर १९१८ला, आणि हा एप्रिल १९१९मध्ये व्हिएन्नात वारला. स्लोव्हाक म्हणा, हंगेरियन म्हणा, दोन्ही जमतं.

नाममात्र
जमतं, पण 'स्लोव्हाक' नका लिहू, 'स्लोवाक' लिहा. हा 'व्ह' आपण इंग्रजीसाठी उभा केलाय, त्या लोकांचा त्याच्याशी काय संबंध?

बोरू
मग व्हिएन्नाचं काय करणार? विएन्ना?

नाममात्र
अर्थात. जर्मन लोक तर 'वीन' म्हणतात.

तिरपागडा
वीणकाम वाटेल.

बोरू
'व्ह'साठी वेगळा धागा काढा. मला त्यात बरंच बोलायचंय.