हिवाळी स्टीलहेड: खायचा नाही तर पकडायचा कशाला?

गमबूट_सिएटल: फेब्रुवारीत वॉशिंग्टन राज्यातल्या हो नदीवर स्टीलहेड नावाच्या माशासाठी दोन दिवस कमरेइतक्या पाण्यात उभा होतो. (नदीचं नाव 'हो', मासा मात्र नाहीच म्हणत होता.) गळाची तेरा फुटी दोन हाती काठी, दोरी ओवायच्या कड्यांत सारखा बर्फ धरायचा, तो तोंडात धरून वितळवायचा. दुसऱ्या दिवशी दुपारी गळाला बांधलेली नकली माशी प्रवाहात आडवी सरकत असताना एकच हिसका बसला. जंगली मादी, पाठीवरचा शेपटीजवळचा छोटा पर शाबूत. पाण्यातच गळ काढला, सोडली. घरी आल्यावर बायको, मित्र, सगळ्यांचा एकच प्रश्न, तोच शीर्षकात दिलाय. माझं मत: असंच पकडावं, खाऊ नये.

खाडीकाठी: आम्ही कोकणातले. मासा हा तव्यासाठी. भूक नसताना जनावराच्या तोंडात लोखंड घालून दमवायचं आणि वर 'सोडला' म्हणून मिरवायचं, याला आमच्याकडे छळ म्हणतात.

गमबूट_सिएटल: अहो, खायचा तर हॅचरीचा, म्हणजे माणसाने वाढवून सोडलेला खा, तिथे परवानगी असते. त्यांचा तो छोटा पर कापलेला असतो, ओळखू येतात. सिएटलजवळच्या प्युजेट साउंड खाडीतले स्टीलहेड 2007 पासून संकटग्रस्त यादीत आहेत. किनाऱ्यावरच्या नद्यांतही जंगली मासा सोडावाच लागतो, तोही पाण्याबाहेर न उचलता.

रेडबोट: मुद्दा तव्याचा नाहीच. स्टीलहेड म्हणजे समुद्रात जाऊन आलेला रेनबो ट्राउट. हिवाळ्यात नदीत शिरतो, वसंतात अंडी घालतो, मधल्या काळात फारसं खात नाही. सगळा खेळ अंगातल्या चरबीवर. तुमचा दहा मिनिटांचा आनंद त्याच शिदोरीतून जातो. आणि तीच मादी पुढच्या वळणावर दुसऱ्याच्या गळाला लागली तर?

खाडीकाठी, तुम्ही तर बोलूच नका. पहिल्या पावसात चढणीचे मासे कोण मारतं? तेही अंडी घालायलाच ओढ्यात आणि शेतात चढतात.

खाडीकाठी: ते मान्य. आमचे आजोबा गाबोळीसकट खायचे, आता ओढ्यात पूर्वीसारखे दिसत नाहीत. पण निदान खायचे हो!

गमबूट_सिएटल: रेडबोट, थंड पाण्यात प्राणवायू जास्त, मासा लवकर सावरतो. उन्हाळ्यात कोमट पाण्यातला ट्राउट सोडला तरी मरायची भीती जास्त. हिवाळ्यात तशी नाही. शिवाय गळाला उलटा काटा नसतो. 2020 च्या डिसेंबरात तर किनाऱ्यावरच्या नद्यांत होडीतून मासेमारीच बंद केली होती. त्या हंगामात काठावरून जेवढं जमेल तेवढंच.

रेडबोट: 'तशी नाही' म्हणजे 'नाहीच' नव्हे. आणि काठावरून म्हणजे पाण्यात उतरूनच ना? मार्चनंतर तुमचे बूट नेमके त्या खड्यांवर पडतात जिथे अंडी पुरलेली असतात. हे तुम्ही धाग्यात लिहिलं नाहीत.

गमबूट_सिएटल: ...हे खरंय. मार्चनंतर मी जात नाही, पण जाणारे आहेत. ओळखीतला एक म्हातारा गळाचं टोकच पक्कडीने तोडून टाकतो. मासा माशी ओढतो, हिसका हाताला कळतो, मग मासा आपल्या वाटेने. यंदा तसं करून बघेन म्हणतो.

खाडीकाठी: मग घरी सांगणार काय? वहिनी विश्वास ठेवतील?

गमबूट_सिएटल: आत्ता तरी कुठे ठेवते.