मदत हवी आहे : नवख्या मॉडेलला पोझ शब्दांत कशी समजावून सांगावी?

नमस्कार.

मी गेली नऊ वर्षे नाशिक परिसरात लग्नसमारंभांची छायाचित्रे काढतो. यंदा प्रथमच एका पैठणी विक्रेत्याने आपल्या दिवाळीच्या कॅटलॉगचे काम माझ्याकडे सोपवले असून, त्या कामात मी एका ठिकाणी अडलो आहे. प्रकाशयोजना किंवा नंतरचे रंगसंस्कार यांबद्दल माझी शंका नाही. जिने आजवर कॅमेऱ्यासमोर कधीही काम केलेले नाही, अशा मुलीला अंगाला हात न लावता, केवळ शब्दांनी कसे उभे करावे, एवढाच माझा प्रश्न आहे.

लग्नात ही अडचण येत नाही. नवरी मुंडावळ्या सावरत असते, मैत्रिणीशी बोलत असते, अक्षता पडताना डोळे मिटून घेत असते; तिचे हात रिकामे नसतात आणि तिचे लक्ष माझ्याकडे नसते. मला फक्त योग्य क्षणी बटण दाबायचे असते. कॅटलॉगच्या कामात समोरची मुलगी पांढऱ्या पडद्यापुढे उभी राहते, माझ्याकडे पाहते आणि मी काय सांगतो याची वाट पाहते. तिथे माझ्याकडे सांगण्यासारखे काहीच नसते, हे मला पहिल्याच दिवशी कळले.

त्या दिवशी दोन महाविद्यालयीन मुली आल्या होत्या. दोघी देखण्या, उत्साही आणि कष्टाला तयार होत्या. दुकानाच्या वरच्या मजल्यावरील बारा फूट बाय पंधरा फुटांच्या खोलीत आम्ही सहा तास काम केले. ६४० छायाचित्रांपैकी केवळ ११ विक्रेत्याला दाखवण्याजोगी निघाली, आणि त्यांतली बहुतेक दोन पोझच्या मधल्या वेळेत, मुली आपापसांत बोलत असताना सहज टिपलेली होती. बाकीच्यांत खांदे कानांपर्यंत चढलेले, दोन्ही पायांवर सारखाच भार, दंड अंगाला चिकटलेले आणि हनुवटी आत ओढलेली दिसते. मी सारखा ‘रिलॅक्स हो’, ‘नैसर्गिक हास्य दे’, ‘थोडे ग्लॅमरस वाटू दे’ असे म्हणत राहिलो आणि प्रत्येक वेळी त्या अधिकच आखडत गेल्या.

एक प्रसंग मनातून जात नाही. एकीने मला तीन वेळा विचारले, “दादा, हातांचं काय करू?” मी तिन्ही वेळा “राहू दे तसेच, छान आहे,” असे म्हणालो. चित्रीकरण संपल्यावर तिने मूठ उघडली, तेव्हा पदराचा काठ तिने किती घट्ट धरला होता हे दिसले. मुनियांच्या, म्हणजे विणलेल्या पोपटांच्या, नक्षीवर चुणी पडली होती आणि रेशीम तिच्या घामाने ओलसर झाले होते. अर्धा दिवस ती मुलगी घाबरलेली होती आणि मी ते पाहिले नव्हते.

फोनवरील नमुन्याची छायाचित्रे दाखवण्याचा उपायही करून पाहिला. मुलींनी आकृती हुबेहूब उतरवली, पण ती उसनी दिसली. शिवाय ती छायाचित्रे गाउन घातलेल्या मॉडेलची होती. तशी लांब टांग पुढे टाकल्यावर पैठणीच्या निऱ्या विस्कटतात आणि ज्या कापडासाठी हे सगळे चालले आहे तेच बिघडते.

म्हणून विचारतो की, सुरुवात चेहऱ्यापासून करावी की पायांपासून? हातांसाठी नेमक्या कोणत्या सूचना द्याव्यात? खोली लहान असल्यामुळे मी २४-७० मिमी झूम लेन्स बहुतांशी २८ ते ३५ मिमीवर, म्हणजे रुंद कोनात, वापरली, त्याचाही हा दोष असेल का? आणि एक प्रश्न भाषेचा. मी एकीला ‘ताई’ म्हणत होतो, दुसरीला ‘अगं’. ग्लॅमर छायाचित्रणात ‘ताई’ म्हणणे विसंगत वाटते का, हे खरोखर जाणून घ्यायचे आहे. पुढचे चित्रीकरण येत्या रविवारी आहे.

प्रतिसाद १

मी मुंबईत बरीच वर्षे साड्यांच्या आणि दागिन्यांच्या कॅटलॉगचे काम करतो. तुमच्या प्रश्नातच अर्धे उत्तर आले आहे. लग्नातील नवरी चांगली दिसते कारण तिला काम असते. नवख्या मॉडेलला आकार सांगू नका, काम सांगा.

सुरुवात नेहमी पायांपासून करावी, कारण भार कुठे आहे यावर वरचे सगळे ठरते. तिला कॅमेऱ्यापासून थोडे तिरके उभे करा, सगळा भार मागच्या पायावर घ्यायला सांगा आणि पुढचा गुडघा सैल सोडायला सांगा. कंबर आपोआप एका बाजूला सरकते, एक खांदा उतरतो आणि मान त्याला तोल देण्यासाठी दुसरीकडे कलते. हे आपल्याकडे फार जुने आहे. अजिंठ्याच्या पहिल्या लेण्यातील भित्तिचित्रात पद्मपाणी बोधिसत्त्व असाच मान, कंबर आणि गुडघा अशा तीन ठिकाणी वळलेला उभा आहे. शिल्पशास्त्रात या मुद्रेला त्रिभंग म्हणतात. मुलीने थोडेफार भरतनाट्यम शिकलेले असेल, तर समभंग (दोन्ही पायांवर सारखा भार), आभंग (किंचित बाक) आणि त्रिभंग हे तीन शब्द तिला पुरतात. पैठणीसाठी त्यात एकच बदल करावा : पुढचे पाऊल जेमतेम वीतभर पुढे असावे आणि चवडा किंचित बाहेर वळलेला असावा, म्हणजे निऱ्या पंख्यासारख्या उलगडतात आणि काठ सलग दिसतो. उंच टाचेच्या चपला घालायच्या असतील, तर त्या घातल्यावरच साडी नेसवावी. नंतर घातल्या तर साडी आखूड पडते.

हातांबद्दल. पदर ‘धर’ असे म्हटले की माणूस मूठच आवळतो. त्याऐवजी “हा काठ अंगठ्याने आणि दोन बोटांनी चाचपून पाहा, त्यातली जर खरी आहे की नाही ते बघ,” असे सांगा. ती काठावरून बोटे फिरवू लागेल आणि बोटे आपोआप मऊ पडतील. हाताची पाठ किंवा तळवा सरळ कॅमेऱ्याकडे आला की हात मोठा आणि जड दिसतो. करंगळीकडची कड कॅमेऱ्याकडे असली की तोच हात नाजूक दिसतो. कोपर कमरेपासून इतके दूर हवे की मधून मागचा पडदा दिसेल. ती फट नसेल, तर दंड आणि कंबर मिळून एकच ठोकळा दिसतो. १८९४ साली मुंबईत सुरू झालेल्या छापखान्यातून राजा रविवर्मा यांची चित्रे घरोघरी पोहोचली, आणि साडी नेसलेली स्त्री देखणी कशी दिसते याविषयीची आपली नजर पुष्कळशी त्यांनीच घडवली आहे. ती चित्रे या दृष्टीने पुन्हा पाहावीत : वीणा, फळ, पदर, दाराची चौकट, हाताला काही ना काही काम दिलेलेच असते.

लेन्सचा दोष नक्कीच आहे. २८ मिमीवर चौकट भरण्यासाठी तुम्हाला फार जवळ जावे लागले असणार, आणि जवळून पाहिल्यावर पुढे आलेला हात, गुडघा किंवा नाक प्रमाणाबाहेर मोठे दिसते. तुमच्या खोलीच्या पंधरा फुटांच्या बाजूने काम करा. ५० मिमीवर, कॅमेरा उभा धरून, साधारण नऊ फुटांवरून पूर्ण आकृती बसते. पूर्ण आकृतीसाठी कॅमेरा डोळ्यांच्या उंचीवर न ठेवता कमरेच्या उंचीवर आणावा. वरून पाहिले की पाय आखूड दिसतात. कमरेपर्यंतच्या चित्रासाठी तुमची लेन्स ७० मिमीवर न्या आणि तितकेच मागे उभे राहा.

आणखी एक गोष्ट. ‘डावा’, ‘उजवा’ हे शब्द सोडून द्या. “खिडकीकडचा हात”, “दाराकडचा खांदा” असे म्हणा. त्याहून उत्तम म्हणजे तिच्यासमोर उभे राहून ती पोझ स्वतः करून दाखवा, तिने आरशात पाहावे तसे तुमच्याकडे पाहावे. यात संकोच बाळगू नये.

प्रतिसाद २

मी शिक्षण चालू असताना चार वर्षे साड्यांचे मॉडेलिंग केले आहे, म्हणून पडद्यासमोर उभे राहणारीच्या बाजूने लिहिते.

नवख्या मुलीला सर्वांत जास्त भीती वाटते ती छायाचित्रकाराच्या गप्प बसण्याची. तो दहा वेळा बटण दाबतो, मग मान खाली घालून कॅमेऱ्याच्या मागच्या पडद्यावर पाहत राहतो, कपाळाला आठी घालतो आणि काहीच बोलत नाही. तो फक्त प्रकाश तपासत असतो, पण तिला वाटते की आपण वाईट दिसलो. त्यामुळे काय तपासत आहात ते मोठ्याने सांगत राहा : “तू छान उभी आहेस, मला जरीवरची चमक कमी करायची आहे.” एवढ्या एका वाक्याने खांदे खाली येतात. माझ्या पहिल्या कामाच्या वेळी हे वाक्य मला दुपारपर्यंत कोणीही ऐकवले नव्हते.

हनुवटीबद्दल ‘वर कर’, ‘खाली कर’ असे सांगून काही साधत नाही. डोक्याच्या मागून कोणी दोरी वर ओढत आहे असे समजून मान लांब करायची, मग कपाळ किंचित कॅमेऱ्याकडे आणायचे. करताना हे फार विचित्र वाटते, म्हणून “विचित्र वाटेल, पण चित्रात चांगले दिसेल,” असे आधीच सांगून ठेवावे. डोळ्यांसाठी मला एका ज्येष्ठ छायाचित्रकारांनी सांगितलेला उपाय आजही आठवतो. डोळे मिटायचे, तोंडाने सावकाश श्वास सोडायचा आणि त्यांनी “आता” म्हटले की डोळे उघडायचे. पहिल्या क्षणाची नजर स्वच्छ असते. तिसऱ्या सेकंदाला ती पुन्हा ताठरते.

तुम्ही अंगाला हात न लावण्याचे ठरवले आहे, ते मनापासून पटले. साडी सावरण्यासाठी एक बाई कायम खोलीत असावी आणि पिना, निऱ्या, पदर हे सर्व तिनेच पाहावे. घरचे कोणी सोबत आले तर त्यांना खोलीत बसू द्या, मात्र मुलीच्या नजरेच्या रेषेत नको. आई समोर दिसली की माझा चेहरा बदलत असे. छायाचित्रे कुठे कुठे वापरली जाणार, कॅटलॉगपुरती की चौकातल्या फलकावरही, हे लेखी ठरवून तिची सही आधीच घ्यावी. ज्या मुलीला हे ठाऊक असते ती मोकळी उभी राहते.

राहिला ‘ताई’चा प्रश्न. त्यात विसंगत काही नाही, परंतु दोघींना दोन वेगळ्या तऱ्हांनी हाक मारू नका. ‘अगं’ म्हटलेल्या मुलीला आपण लहान ठरलो असे वाटते. दोघींनाही नावाने हाक मारून ‘तुम्ही’ म्हणा. त्यांनी स्वतःहून सांगितले, तर ‘तू’ म्हणा.

धागाकर्ता

दोघांचेही मनःपूर्वक आभार. रविवारचे चित्रीकरण काल पार पडले. या वेळी ३८० छायाचित्रे काढली आणि त्यांतली ५२ विक्रेत्याने ठेवून घेतली. ज्या मुलीने मागच्या वेळी काठ मुठीत आवळला होता, तिला मी जर तपासायला सांगितली. ती खरोखरच काठ डोळ्यांजवळ नेऊन पाहू लागली आणि म्हणाली, “दादा, ह्या मोराचा डोळा वेगळ्या रंगाचा विणलाय.” त्या वाक्यावर टिपलेले चित्रच कॅटलॉगच्या मुखपृष्ठावर जाणार आहे. कॅमेरा कमरेच्या उंचीवर आणल्याने पडलेला फरक माझ्या साहाय्यकालाही लगेच दिसला.

एक अडचण मात्र शिल्लक आहे. झोपाळ्यावर बसलेल्या पोझमध्ये निऱ्यांचा पोटाशी गोळा होतो आणि मुलगी पोक काढून बसल्यासारखी दिसते. पुढील आठवड्यात तेवढी चार चित्रे पुन्हा काढायची आहेत.

प्रतिसाद १

झोपाळ्यावर मागे रेलून बसू देऊ नका. पाटाच्या अगदी कडेवर, एका मांडीवर भार घेऊन, तिरके बसवा. दोन्ही गुडघे एकाच बाजूला असावेत आणि कॅमेऱ्यापासून दूरचा पाय थोडा मागे घेतलेला असावा. ती बसल्यानंतर साडी सावरणाऱ्या बाईंनी निऱ्या पोटाजवळून सोडवून गुडघ्यांवरून खाली सोडाव्यात, आधी नव्हे. दूरच्या हाताने कडी धरायला सांगितली की पाठ आपोआप ताठ होते. कॅमेरा तिच्या छातीच्या उंचीपर्यंत खाली आणा, आणि झोपाळ्याच्या चारही कड्या दोरीने बांधून घ्या, नाहीतर प्रत्येक चित्रात फोकस सरकत राहील.