मदत हवी आहे: सोसायटीचं जीमेल तुंबलंय, लवकर कसं साफ करू?

मुलुंडचा_सेक्रेटरी

नमस्कार मंडळी,

आमची सोसायटी मुलुंड पूर्वेला, जुनी. नवी कमिटी आली आणि सेक्रेटरीपद माझ्या गळ्यात पडलं. चाव्यांचा जुडगा, शिक्का, मिनिट बुकं आणि एका चिठोऱ्यावर सोसायटीच्या जीमेलचा पासवर्ड, असा कार्यभार मिळाला. उघडून बघतो तर 15 जीबी फुल्ल. मेल जातही नाही, येतही नाही. सभासदांनी मेंटेनन्स भरल्याचे स्क्रीनशॉट पाठवले की त्यांच्याकडेच परत जातात आणि मग ते मला जिन्यात गाठतात.

वार्षिक सभा 30 सप्टेंबरच्या आत घ्यायची आहे, नोटीस त्याआधी 14 पूर्ण दिवस द्यायला हवी, आणि नोटीस-ताळेबंद सगळं याच मेलवरून जातं.

आत काय नाही ते विचारा. गळतीच्या तक्रारी, लिफ्टच्या एएमसीची (वार्षिक देखभाल कराराची) कोटेशनं, पुनर्विकासासाठी आर्किटेक्टने पाठवलेले नकाशे, मानीव अभिहस्तांतरणाची (बिल्डरने न दिलेली जमिनीची मालकी सोसायटीच्या नावावर करून घ्यायची) कागदपत्रं. आणि त्यांच्या मांडीला मांडी लावून साड्यांचे सेल, पिझ्झाच्या ऑफर, ‘आजच कर्ज घ्या’. कुणीतरी खरेदीसाठी बिनदिक्कत सोसायटीचाच आयडी दिलेला दिसतोय.

रोज जेवणं झाली की फोनवर एकेक टिक करून डिलीट करत बसतो. बरंचसं आर्काइव्हही केलं. जागा हलत नाही. पैसे भरून जागा वाढवू म्हटलं तर खजिनदार म्हणतात, आधी कचरा काढा. पुनर्विकासाचा एकही कागद हरवता कामा नये, नाहीतर सभेत माझीच सालं काढतील. काय करू?

आठ_बावन्नची_स्लो

आर्काइव्हने एक केबीसुद्धा सुटत नाही हो. मेल फक्त इनबॉक्समधून उचलून ‘ऑल मेल’मध्ये ठेवली जाते. डिलीट केलेलीही 30 दिवस ट्रॅशमध्ये पडून जागा खाते. ट्रॅश हाताने रिकामा करा.

कारकून_दादर

फोन बाजूला ठेवा, कॉम्प्युटरवर बसा. हे काम फोनवर करणं म्हणजे चमच्याने टाकी उपसणं.

सगळ्यात आधी एक सेटिंग बदला, हे कुणी सांगत नाही. सेटिंग्जमध्ये जनरल टॅबखाली ‘कॉन्व्हर्सेशन व्ह्यू’ असतो, तो बंद करा. चालू असेल तर शोधात सापडलेल्या एका मेलला टिक करून डिलीट केलं की तिची अख्खी साखळी जाते. तुमच्या आर्किटेक्टशी चाललेला पत्रव्यवहार अशाच एका लांबलचक साखळीत असणार. कुणीतरी मधेच जोडलेला जड फोटो उडवायला जाल आणि संमतीची उत्तरंही जातील.

मग राखायचं आधी वेगळं काढा. आर्किटेक्ट, वकील, उपनिबंधक कार्यालय, ऑडिटर यांचे पत्ते एकेक करून शोधा आणि सगळ्या मेलना ‘जपून’ असं लेबल लावा. गूगल टेकआउट म्हणजे खात्यातल्या मालाची प्रत उतरवून घ्यायची गूगलचीच सोय, तिच्यातून तेवढंच लेबल निवडून डाउनलोड करता येतं. ती प्रत पेनड्राइव्हवर घेऊन सोसायटीच्या कपाटात ठेवा.

आता जड माल. शोधपट्टीच्या उजव्या टोकाच्या चिन्हावर क्लिक केलं की मोठा फॉर्म उघडतो. त्यात आकार 10 एमबीपेक्षा जास्त असं टाका. ज्या मेल येतील त्यांतल्या थोड्याच उडवल्या तरी हजारो जाहिराती काढण्यापेक्षा जास्त जागा सुटते. जाहिराती दिसतात भरपूर, पण वजनाला हलक्या. फक्त जोडलेली फाइल काढून मेल ठेवायची सोय जीमेलमध्ये नाही, म्हणून कामाची फाइल आधी उतरवून घ्या.

जाहिरातींसाठी प्रमोशन्स टॅबमध्ये जा, वरच्या चौकटीत टिक करा. पानावरच्याच 50 निवडल्या जातात, पण लगेच वर एक ओळ येते, ‘सगळ्याच निवडू का?’ अशा अर्थाची. बहुतेकांना ती दिसतच नाही. तिच्यावर क्लिक करून मग डिलीट. त्याआधी यादीवरून एकदा नजर फिरवा, बिलं-पावत्याही कधीकधी तिथे जाऊन बसतात. ओळखीच्या दुकानांना अनसबस्क्राइब करा. अनोळखी पत्त्यांच्या अनसबस्क्राइबला हातही लावू नका, सरळ स्पॅममध्ये टाका.

आठ_बावन्नची_स्लो

आणि ते 15 जीबी एकट्या जीमेलचे नाहीत बरं का. ड्राइव्ह आणि फोटोही त्यातच. 1 जून 2021 पासून नव्याने चढवलेले फोटोही मोजतात. कोण किती खातंय ते गूगल वनच्या स्टोरेज पानावर बघा.

मुलुंडचा_सेक्रेटरी

अहो, बघितलं! मेल निम्म्याहूनही कमी. बाकी सगळे फोटो! आधीच्या सेक्रेटरीकाकांच्या फोनमध्ये सोसायटीचं खातं अजून चालू आहे आणि बॅकअप त्याच खात्यावर. नातवाची मुंज, गणपतीपुळे, आणि शेकडो ‘शुभ सकाळ’. मुंजीतले काही व्हिडिओ तर अर्ध्या तासाचे आहेत. उडवू का सरळ?

कारकून_दादर

थांबा! काकांच्या फोनमध्ये बॅकअप चालू असताना तुम्ही इकडून फोटो उडवलेत तर त्यांच्या फोनमधूनही जातील, आणि मग मुंजीवरून आयुष्यभर ऐकून घ्याल. त्यांच्याकडे जा, समोर बसून बॅकअप बंद करा, खातं फोनमधून काढा. फोटो टेकआउटने उतरवून, नीट उघडतात ना ते बघून त्यांच्या हातात द्या. नंतरच डिलीट करा. फोटोंचा ट्रॅश वेगळा असतो, तोही रिकामा करा. जागेचा आकडा लगेच खाली आला नाही तर घाबरू नका, थोडा वेळ घेतो.

तिथे बसलाच आहात तर खात्याचा रिकव्हरी नंबर, म्हणजे पासवर्ड विसरला तर खातं परत मिळवायचा फोन नंबर, कुणाचा आहे तेही बघा. काकांचाच असणार. तो बदलून घ्या, पासवर्डही.

पार्ल्याची_मावशी

काकांकडे जाताना हे ‘तुमच्यामुळे जागा भरली’ असं तोंडातून काढू नका हो. ‘तुमचे फोटो सुरक्षित करून द्यायला आलोय’ म्हणा. चहापण मिळेल.

मुलुंडचा_सेक्रेटरी

रविवारी जातो. पेनड्राइव्ह 64 जीबीचा घेतलाय, बिल खजिनदारांना देणार आहे.