ईएसआय बंद झालं, मिस्टरांच्या इन्सुलिनचं काय करू?

कुपवाडकर:
मिस्टरांच्या कारखान्याला टाळं लागलं. पगारातून ईएसआय (कामगारांचा सरकारी आरोग्य विमा) कापलं जायचं, त्यामुळे इन्सुलिन आणि बीपीच्या गोळ्या दवाखान्यातून फुकट मिळायच्या. आता वर्गणीच बंद. सकाळी 24 युनिट सांगितलेत, पण बाटली पुरवायची म्हणून हे मला न सांगता 18 च घेत होते. नणंदेने तिच्या इन्सुलिन पेनमध्ये बसणारी कार्ट्रिज दिली आहेत. घरात जुन्या सिरिंज आहेत, त्याने ओढून दिलं तर चालेल का? कंपनीवाले म्हणतात, राजीनाम्यावर सही करा, हिशेब लगेच देतो.

निवृत्त फार्मासिस्ट, मिरज:
ताई, कार्ट्रिजमधलं इन्सुलिन त्या सिरिंजने अजिबात देऊ नका. दवाखान्याच्या बाटलीवर 40 आययू, म्हणजे एका मिलीत 40 युनिट, असं लिहिलेलं असतं, तिची सिरिंज लाल टोपणाची. कार्ट्रिज 100 आययूचं. लाल टोपणाच्या सिरिंजने 24 च्या खुणेपर्यंत ओढलंत तर अंगात 60 युनिट जातील. शुगर एकदम उतरून माणूस बेशुद्ध पडतो. शिवाय नणंदेचं इन्सुलिन वेगळ्याच प्रकारचं असू शकतं. बाटली विकत घ्यावी लागली तरी साधं ह्यूमन इन्सुलिन पेनपेक्षा पुष्कळ स्वस्त पडतं. डोस मात्र पूर्ण घ्यायला लावा.

आणि राजीनाम्यावर सही नको. कारखाना बंद पडून किंवा कपातीत काम गेलं असेल आणि किमान दोन वर्षं वर्गणी भरली असेल, तर ईएसआयची राजीव गांधी श्रमिक कल्याण योजना आहे. 24 महिन्यांपर्यंत भत्ता, पहिलं वर्ष पगाराच्या निम्मा, दुसरं वर्ष पाव, आणि तोवर घरच्या सगळ्यांचे औषधोपचार चालू. स्वखुशीने नोकरी सोडणाऱ्याला यातलं काही मिळत नाही, म्हणून त्या सहीची घाई. वर्गणी थांबली की त्याच दिवशी कार्ड संपतं असंही नाही. एप्रिल ते सप्टेंबरच्या वर्गणीवर पुढच्या जानेवारी ते जूनचे लाभ ठरतात. ईएसआयच्या शाखा कार्यालयात जाऊन वर्गणी भरलेले दिवस किती ते काढून घ्या.

जयसिंगपूरची लेक:
तोवर सरकारी दवाखाना गाठा. 15 ऑगस्ट 2023 पासून राज्याच्या आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत केसपेपरलाही पैसे नाहीत. माझ्या वडिलांच्या बीपी-शुगरच्या गोळ्या ग्रामीण रुग्णालयातूनच येतात. एखादी संपलेली असली तर जनऔषधी केंद्रातून घेतो. तिथे कंपनीचं नाव सांगून उपयोग नाही, बीपीच्या गोळीसाठी टेल्मिसार्टन 40 असं मूळ औषधाचं नाव डॉक्टरांकडून लिहून न्या.

कुपवाडकर:
कार्ट्रिज आजच परत पाठवली. सही करू देणार नाही. सरकारी दवाखान्यात जाताना सोबत काय नेऊ?

निवृत्त फार्मासिस्ट, मिरज:
ईएसआयचा जुना केसपेपर, शुगरचा शेवटचा रिपोर्ट आणि इन्सुलिनची रिकामी बाटली. लेबलवर 30/70 (दोन प्रकारच्या इन्सुलिनचं मिश्रण) आहे की आणखी काही, ते डॉक्टरांना स्वतः बघू द्या. मध्ये कमी डोस घेतला हेही सांगा, नाहीतर वाढलेली शुगर बघून ते उगाच डोस वाढवतील.