वाड्यातल्या काचेच्या निगेटिव्ह: ओल्या प्लेट की कोरड्या? पावसाळ्याआधी काय करावं?

पंचवटीकर
जुन्या नाशकातल्या एका वाड्याच्या माळ्यावर 34 काचेच्या निगेटिव्ह निघाल्या आहेत. सगळ्या पावणेपाच बाय साडेसहा इंची. बहुतेक गंगेवरच्या, म्हणजे गोदावरीकाठच्या (रामकुंड, घाट), काही घरगुती. काहींच्या कडांना निळसर रुपेरी चकाकी आहे, चारांवर बुरशी, दोन एकमेकींना चिकटल्या आहेत. घरच्यांच्या मते ओल्या कोलोडियनच्या (काचेवर चिकट द्राव ओतून ती ओली असतानाच फोटो घ्यायची जुनी पद्धत), म्हणजे 1860-70 च्या. हे ठरवायचं कसं? आणि पाऊस सुरू व्हायच्या आत काय उरकून घ्यावं?

डार्करूम
माप हाफ प्लेटचं आहे, पण त्यावरून काळ ठरत नाही. दोन्ही पद्धतींत ते चालायचं. कडा बघा.

कोलोडियन (ही पद्धत फ्रेडरिक स्कॉट आर्चरची, 1851) हाताने ओतायचे. काच तिरपी करत द्रावण चारी कोपऱ्यांना न्यायचं आणि उरलेलं एका कोपऱ्यातून बाटलीत परत घ्यायचं. म्हणून थर कडेला वेडावाकडा असतो, काच धरलेला कोपरा बहुधा कोरा राहतो आणि वर वार्निश असतं. काळ्या कापडावर ठेवून बाजूने उजेड टाकला की चित्र दुधाळ-तपकिरी दिसतं.

जिलेटिनची कोरडी प्लेट रिचर्ड मॅडॉक्स या इंग्रज डॉक्टरच्या 1871 च्या प्रयोगातून आली आणि त्याच दशकाच्या अखेरीस कारखान्यात बनून विकली जाऊ लागली. यंत्राने लेप दिल्यामुळे थर काठापर्यंत एकसारखा, रंग स्वच्छ काळा-राखाडी. तुम्ही सांगता ती निळसर चकाकी म्हणजे थरातली, चित्र घडवणारी चांदी पृष्ठभागावर येऊन बसलेली आहे. वार्निशखालच्या कोलोडियनवर ती सहसा दिसत नाही. माझा कौल कोरड्या प्लेटला, म्हणजे 1880 च्या आसपासच्या किंवा नंतरच्या.

जुनाकॅमेरा
खात्रीच करायची तर थराच्या कोपऱ्यावर पाण्याचा थेंब ठेवा. फुगलं तर जिलेटिन.

डार्करूम
कृपा करून हे करू नका! बुरशी जिलेटिन खाते आणि खाल्लेला थर पाण्यात विरघळू लागतो. थेंब पुसताना चेहराच निघून येईल. स्पिरिटही नको, कोलोडियन असेल तर वार्निश विरघळेल. नुसत्या नजरेने ठरतंय तिथे ओल्या चाचणीची गरजच नाही.

कोनाडा
आता साठवणीचं. नाशकात एप्रिल-मेची दुपार कडकडीत कोरडी आणि जुलैत भिंतींना ओल. जिलेटिन दमट हवेत फुगतं, कोरड्या हवेत आकसतं, काच मात्र तसूभर हलत नाही. दरवर्षीच्या या ओढाताणीत थर कडेपासून सुटतो. म्हणून आर्द्रता 30 ते 40 टक्क्यांत स्थिर ठेवणं हे खरं काम.

नायट्राइल हातमोजे घाला, सुती मोज्यातून काच निसटते. काच दोन्ही हातांनी कडांना धरा. बुरशीच्या चार आधी वेगळ्या काढा, तोंडाला एन-95 लावा. बाकीच्यांची धूळ रबरी फुगा-ब्लोअरने उडवा. ओलसर कापूस (डिस्टिल्ड पाणी, पिळून) फक्त गुळगुळीत बाजूला आणि काठापासून दोन मिलीमीटर आत. मंद बाजू थराची (कडांची निळसर चकाकीही याच बाजूला), तिला काही लावायचं नाही. थर सुटू लागलेल्या काचांना तर ब्लोअरही नको.

प्रत्येकीला ॲसिड-फ्री कागदाचं चार पाकळ्यांचं पाकीट करा, डिंक न लावता. नोंद पेन्सिलीने, काच आत घालण्याआधी. लांब कडेवर उभ्या ठेवा. बारा काचांचं वजन साधारण किलोभर होतं, तेव्हा खोका मजबूत हवा. जुनी लाकडी पेटी नको, लाकडातून आम्लाची वाफ सुटते. डांबराच्या गोळ्याही नकोत. लोखंडी कपाटातला मधला खण, बाहेरच्या भिंतीपासून दूर.

पंचवटीकर
आभारी आहे. थर काठापर्यंत सारखा आहे, म्हणजे जिलेटिनच. दोन शंका: आकाशावर लाल रंग फासलेला आहे, तो धुवायचा का? आणि मोबाइलवर काळ्याचं पांढरं करून पाहिलं तर बायकांचं कुंकू काळंकुळीट दिसतं. काही बिघडलंय का?

डार्करूम
काहीच बिघडलेलं नाही. साध्या प्लेटला निळा उजेड कळायचा, लाल कळायचाच नाही. म्हणून निगेटिव्हवर कुंकवाची जागा पारदर्शक राहते आणि छापल्यावर काळी येते, लाल लुगडंही तसंच. (रंगद्रव्य मिसळून प्लेटची नजर वाढवता येते हे जर्मन रसायनशास्त्रज्ञ फोगेलने 1873 मध्ये दाखवलं, पण साध्या प्लेट पुढेही बराच काळ विकल्या गेल्या.) आकाशावरचा लाल रंग डाग झाकून ते छापात पांढरं यावं म्हणून मुद्दाम दिलेला असतो. चेहऱ्यांवर बारीक पेन्सिलीच्या रेघाही सापडतील. तो छायाचित्रकाराचा हात आहे, जसाच्या तसा ठेवा.

चौकट
काचा पाकिटात घालण्याआधीच त्यांची डिजिटल प्रत काढा. लाइट पॅडवर (खालून उजेड देणारी पाटी) काळ्या कार्डाची खिडकी कापून ठेवा, बाजूचा उजेड लेन्समध्ये शिरला तर काळे भाग राखाडी येतात. थराची बाजू वर, कॅमेऱ्याकडे. मॅक्रो लेन्स, एफ 8, आयएसओ 100, रॉ फाइल, टायमरवर. नंतर चित्र आडवं उलटवा, नाहीतर रामकुंडाचा डावा घाट उजवीकडे जाईल. कुंडाचं पाणी धुक्यासारखं दिसलं तर फोकस चुकला समजू नका, एक्सपोजर लांब होतं. फोकस पायऱ्यांच्या कडांवर तपासा.

चिकटलेल्या जोडीत सुरी घालू नका, वाफही देऊ नका. आडवी, दोन पुठ्ठ्यांमध्ये बांधून ठेवा आणि मुंबईच्या छत्रपती शिवाजी महाराज वस्तुसंग्रहालयाच्या संवर्धन केंद्रात विचारा.